कान्छीची शाळा

पहाटे साडेपाचला धाऱ्यावर गाग्री लागू लागतात. धारा म्हणजे गावाचा नळ आणि गाग्री म्हणजे आपली घागर. काठमांडूच्या पूर्वेला, काव्रेच्या टेकड्यांत, कोजागिरीनंतर थंडी उतरू लागते. दरीतून धुकं वर चढतं आणि त्या धुक्यात बायका एकमेकींना आवाजावरून ओळखतात. रांगेत चौथी उभी असलेली मुलगी मात्र न बोलताही ओळखू यायची, कारण ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. भरलेली घागर कमरेवर घेताना तिचा तोल जाई, पाणी हिंदकळून कुर्त्याची एक बाजू भिजे. मग शेजारच्या घरातली नऊ-दहा वर्षांची पोर पुढे होई आणि तिची कंबर हाताने एका अंगाला ढकलून दाखवी: अशी वळव, आता इथे बसव. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांत वाढलेली, शेतीशास्त्राची पदवी घेतलेली तेवीस वर्षांची मुलगी त्या पोरीकडून रोज पहाटे पाणी आणायला शिकत होती.

गावात तिला सगळे कान्छी म्हणत. कान्छी म्हणजे धाकटी, शेंडेफळ. घरात आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी आमाने, म्हणजे यजमानीणबाईंनी, तिचं मूळ नाव दोनदा उच्चारून पाहिलं, जीभ वळेना, तेव्हा म्हणाल्या, तू माझी कान्छी.

ही हकीकत 2015 च्या भूकंपाआधीच्या एका शरदातली आहे. कोजागिरीपासून भाऊबीजेपर्यंत मी त्या गावात शेजारच्या घरी मुक्कामाला होते. कान्छी अमेरिकेच्या पीस कोअर या संस्थेतर्फे आली होती. 1 मार्च 1961 रोजी अध्यक्ष केनेडी यांनी आदेश काढून ही संस्था सुरू केली. अमेरिकन नागरिकाने दूरच्या देशात दोन वर्षं राहायचं, तिथल्या लोकांसारखं जगायचं आणि शेती, शिक्षण, आरोग्य यांपैकी एखाद्या कामात हातभार लावायचा, असा तिचा रिवाज. नेपाळात पहिली सत्तर माणसं 1962 च्या सप्टेंबरात उतरली. माओवादी संघर्षाच्या काळात, 2004 साली काम थांबलं, ते 2012 साली पुन्हा सुरू झालं. एकूण मुदत सत्तावीस महिन्यांची. त्यातले पहिले जेमतेम तीन महिने प्रशिक्षणाचे, आणि तोवर माणसाला स्वयंसेवक म्हणतच नाहीत. शेवटी शपथ होते, त्यानंतर ते नाव मिळतं. कान्छी म्हणूनच अजून कोणी नव्हती. ती शिकाऊ होती.

मला ओढ होती ती याच तीन महिन्यांची. सेवेला निघालेल्या माणसाबद्दल आपण वाचतो ते त्याने काय दिलं याबद्दल. पण त्याआधी त्याला घ्यायला कोण शिकवतं, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

सुरुवातीच्या काळात हे प्रशिक्षण अमेरिकेतच होई. विद्यापीठांच्या आवारात भाषेचे, इतिहासाचे तास चालत. पोर्तो रिकोच्या डोंगरांत तर खास छावण्या उभारल्या होत्या. तिथे शिकाऊंना दोराने कडे चढायला लावत, हातपाय बांधून पाण्यात तरंगून राहायला शिकवत. मानसशास्त्रज्ञ त्यांच्यावर नजर ठेवत आणि प्रशिक्षण चालू असताना काहींना घरी धाडलं जाई. कडा चढलेला माणूस खेड्यातही टिकेल असा तो हिशोब होता. आपल्या महाराष्ट्राशीही त्या काळाचा एक धागा जोडलेला आहे. लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री, पेशाने परिचारिका. 1966 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरमध्ये दाखल झाल्या. शिकागो विद्यापीठात त्यांनी मराठीचे धडे घेतले आणि मग विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत येऊन सुमारे एकवीस महिने काम केलं. शिकागोच्या वर्गात मराठी गिरवणाऱ्या त्या आजी डोळ्यांपुढे आल्या की मला फार आपुलकी वाटते. पण वर्गात क्रियापदं शिकता येतात. दवाखान्याच्या दारात तापलेलं पोर घेऊन उभी असलेली बाई अर्धं वाक्य गिळते, उरलेलं डोळ्यांनी बोलते, ते शिकायला विक्रोळीच लागते. पुढे संस्थेलाही हे उमगलं आणि प्रशिक्षण हळूहळू ज्या त्या देशात नेलं गेलं. विद्यापीठाच्या आवारातून ते एखाद्या घराच्या चुलीपाशी येऊन बसलं.

चुलीपाशी हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. आमाचं घर मातीचं, दुमजली, खालचा भाग गेरूच्या रंगाचा. पाणी आणून झालं की रातो माटो, म्हणजे तांबडी माती, आणि शेण कालवून स्वयंपाकघराची जमीन सारवायची. आमाचा हात अर्धवर्तुळात फिरे आणि मागे एकसारखी ओली रेघ उमटे. कान्छीला मी मुक्कामाच्या पहिल्या दिवशी सारवताना पाहिलं तेव्हा ती कोपऱ्यातून दाराकडे यायचं सोडून दाराकडून कोपऱ्याकडे गेली आणि ओल्या जमिनीच्या पलीकडे अडकून बसली. आमा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. जमीन सुकेपर्यंत तीही तिथेच बसली, उंबऱ्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे ही, आणि दोघींनी मिळून टोपलीभर घेवडा निवडला.

मग चिया. नेपाळीत चहा पीत नाहीत, चहा खातात. पाणीही खातात, विडीही खातात. सगळ्याला एकच क्रियापद. आणि साडेआठच्या सुमारास डाळभात, भाजी, लोणचं. सकाळी एकदा, रात्री एकदा, वर्षाचे बारा महिने. इथे कान्छीला जगण्यासाठी लागणारा पहिला शब्द भेटला: पुग्यो. पुग्यो म्हणजे पोचलं, पुरे झालं. पहिल्या आठवड्यात तिला तो येत नव्हता. ताट रिकामं झालं की आमा भात वाढायची, आणि आयोवाच्या घरी ताटात टाकू नये असं शिकवलेलं, म्हणून ही संपवायची, की आमा पुन्हा वाढायची. तिसऱ्या रात्री हिला उलटी झाली. त्यानंतर भाषेच्या शिक्षिकेने वर्गात सगळं बाजूला ठेवून अर्धा तास फक्त नको म्हणायला शिकवलं: हात ताटावर कसा आडवा धरायचा, मान कशी हलवायची, पुग्यो दोनदा कसं म्हणायचं, कारण एकदा म्हटलेलं नको हे खरं नको नसतं. वाचताना मराठी माणूस मनाशी हसेल, कारण आग्रहाच्या पंगतीत आपण सगळेच हे न शिकवता शिकलो. तिला मात्र ते व्याकरणासारखं शिकावं लागलं.

जुठोचंही तसंच. जुठो म्हणजे उष्टं. आपल्या ताटाला लागलेला हात डावाला लावायचा नाही, बाटली ओठाला लावायची नाही, पाणी वरून प्यायचं. पहिल्या पंधरवड्यात कान्छीचा प्रत्येक कुर्ता गळ्याशी ओला असे.

साडेनऊला ती वर्गाला निघे. वर्ग म्हणजे वरच्या आळीतल्या एका घराची ओसरी, चार शिकाऊ आणि एक शिक्षिका. तास चार, आठवड्यातले सहा दिवस, शनिवारी सुट्टी. मी दोन-तीनदा ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. शिक्षिका काठमांडूची, पंचविशीतली, आवाज मऊ पण धाक असलेला. तिने चौघांच्या हातात कागदाचा एकेक कपटा दिला आणि तो ओठांसमोर धरायला सांगितला. 'बात' म्हणताना कपटा हलता कामा नये. 'भात' म्हणताना हललाच पाहिजे. बात म्हणजे गप्पा. कान्छी गेले पाच आठवडे आमाला सांगत होती की मला गप्पा फार आवडतात, सकाळी गप्पा, रात्री गप्पा, आणि आमा बिचारी शेजारणींना बोलावून आणत होती. त्या दिवशी कपटा पहिल्यांदा फडफडला तेव्हा कान्छीने तो जपून वहीत ठेवला.

त, थ, ट, ठ या चार अक्षरांच्या मधल्या भिंती आपल्याला जन्मतःच दिसतात. या शिकाऊंना त्या चाचपून शोधाव्या लागतात. आणि मग 'तू'ची उतरंड: तँ, तिमी, तपाईं, वर हजुर. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. चूक होऊन अपमान होऊ नये म्हणून शिक्षिकेने आधी आदरार्थीच पक्कं करून घेतलं होतं. परिणाम असा, की एका सकाळी गोठ्याची फळी सरकवून कान्छी म्हशीला हात जोडल्यागत सांगत होती, तपाईं यता आउनुहोस्, आपण इकडे यावं. गावात ते आठ दिवस पुरलं. पण हजुरआमा, म्हणजे घरातली म्हातारी सासू, हसली नाही. ती म्हणाली, लक्ष्मीला तपाईं म्हटलं तर काय बिघडलं?

देवनागरी वाचता येते म्हणून मी गावात आले तेव्हा जरा ऐटीत होते. दुकानावरची पाटी, बसवरचा फलक, सगळं मी घडाघडा वाचत होते. पण लिपी ओळखीची असली म्हणजे माणूस ओळखीचा होत नाही. नेपाळीत 'सम्झनु' म्हणजे आठवणं, आणि समजणं म्हणजे 'बुझ्नु'. 'मिठो' म्हणजे चवदार, मीठ म्हणजे 'नुन'. 'कोदो' म्हणजे आपली नाचणी. मला वाटे मला कळलं, आणि मी पुढे जाई. कान्छीला वाटे आपल्याला काही कळलं नाही, म्हणून ती थांबून विचारी. पंधरा दिवसांनी तिचं नेपाळी माझ्यापेक्षा कितीतरी खरं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, आणि ती सांगताना मला अजून त्रास होतो. दुसऱ्या महिन्यात कान्छीची पाळी आली. आमाने विचारलं, हिने खरं सांगितलं. त्यासाठी नेपाळीत शब्द आहे 'पर सर्नु', दूर सरणं. चार दिवस तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, धाऱ्याला हात लावायचा नाही, ताट पिँढीवर, म्हणजे ओट्यावर मिळेल. आमच्या आजोळी 'कावळा शिवला' म्हणत ते हेच, आणि लहानपणी कोपऱ्यात बसलेल्या मावशीचा चेहरा मला आठवतो. कान्छी मला म्हणाली, पहिल्या रात्री मी बॅग भरायला घेतली होती. वर्गात शिक्षिकेने यावर काहीच उपदेश केला नाही, मान्य कर असंही म्हणाली नाही, लढ असंही नाही. एवढंच म्हणाली, दहा-बारा दिवस थांब आणि घरात काय होतं ते बघ.

दहा-बारा दिवसांनी आमा दूर सरली. घरात दुसरी बाई फक्त म्हातारी हजुरआमा, तिला दिसत कमी. तेव्हा आमाने ओट्यावरून हाक मारून कान्छीला चुलीपाशी पाठवलं आणि उंबऱ्याबाहेर बसून एकेक गोष्ट सांगत राहिली: हळद आता, पाणी अजून, झाकण काढ, आच कमी कर. डाळ पातळ झाली, भात खाली लागला. बुबा, म्हणजे घरचे यजमान, धाकटा मुलगा, सगळे मुकाट जेवले. हजुरआमाने मात्र त्या चार दिवसांत तिच्या हातचा भात खाल्ला नाही. चिउरा, म्हणजे पोहे, आणि दूध घेतलं. त्यानंतरही कधी खाल्ला नाही. आणि तरीही रोज रात्री कान्छीच्या तळपायांना मोहरीचं तेल चोळायला तीच येई. या दोन गोष्टी एकाच म्हातारीत कशा राहतात याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ती प्रथा चुकीची आहे, यात मला तसूभर शंका नाही. पण ती चुकीची आहे हे बाहेरून ओरडून सांगणं आणि ओट्यावरच्या बाईच्या शब्दाबरहुकूम तिची डाळ फोडणीला टाकणं, यांत मोठं अंतर आहे, आणि पुढे कधी काही बदलायचं तर माणसाने ते अंतर चालून आलेलं असावं लागतं.

दुपारचे वर्ग कामाचे. कान्छीच्या तुकडीचं काम अन्न आणि पोषणाचं: करेसाबारी, म्हणजे परसबाग, रोपवाटिका, खत, आणि लहान मुलांचा आहार. एका दुपारी सर्वोत्तम पिठो करून दाखवायचं होतं. लहान बाळाला वरच्या अन्नाची सुरुवात करताना देण्याचं हे पीठ नेपाळात पोषणकार्यात सर्रास शिकवतात: दोन भाग डाळ, बहुधा भटमास म्हणजे सोयाबीन, एक भाग गहू, एक भाग मका. वेगवेगळं भाजायचं, दळायचं, पाण्यात शिजवून पेज करायची. आपल्याकडच्या नाचणी सत्त्वाची ही बहीण. कान्छीने तक्ता तयार केला होता, प्रमाणं रंगवली होती, वाक्यं पाठ केली होती. अंगणात सात-आठ बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. तिने कढई तापवली, भटमास टाकले, आणि बोलण्यात गुंतली. मागून वास आला तेव्हा अर्धे करपले होते.

आमा काही न बोलता उठली. करपलेले काढून टाकले, नवे घेतले, कढईत मूठभर वाळू घालून तापवली आणि त्यात भटमास परतले. वाळूत दाणा सगळीकडून सारखा तापतो. तडतड सुरू झाली, सालं फुटली, आमाने चाळणीतून वाळू झाडली आणि एक दाणा कान्छीच्या तळहातावर ठेवला. कान्छीने तो चावला. मग थांबून तिने पाठ केलेलं भाषण सोडलं आणि मोडक्या नेपाळीत सांगितलं, माझ्या बाबांच्या शेतात दोनच पिकं आहेत, मका आणि भटमास, नजर पोचेल तिथपर्यंत. दोन्ही ट्रकांत भरून जातात. असा भाजलेला दाणा मी आयुष्यात पहिल्यांदा खाते आहे. बाया एकदम सरसावून बसल्या. किती शेत? बैल किती? नांगरतं कोण? आई काय करते? पोषणाचा तक्ता भिंतीवर तसाच राहिला. अर्ध्या तासाने जाँतो, म्हणजे जातं, फिरू लागलं, एकीकडे आमा आणि एकीकडे कान्छी, आणि प्रमाण किती घ्यायचं हे आता बायाच तिला विचारत होत्या. दोन मुठी, एक मूठ, एक मूठ. तक्त्याकडे न बघता तिने ते सांगितलं.

संस्था अशा घरांना शिकाऊच्या जेवणाखाण्याचे पैसे देते. ते योग्यच आहे. पण वाळूत भाजलेल्या दाण्याचे, तळपायाच्या तेलाचे आणि ओट्यावरून दिलेल्या हाकांचे पैसे कुठल्या रकान्यात बसतात? साठच्या दशकात कड्यावर चढायला लावणारे प्रशिक्षक होते, त्यांना पगार होता, हुद्दा होता. इथे तेच काम काव्रेतली एक चौथी शिकलेली बाई करत होती आणि तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की ती प्रशिक्षक आहे. या लेखापुरती तरी मी तिला त्याच नावाने हाक मारते.

कान्छीची खोली माडीवर. भिंतीवर एका तरुणाचा फोटो, खुंटीवर त्याचं जॅकेट. आमाचा थोरला मुलगा कतारमध्ये बांधकामावर होता. या टेकड्यांवर असं घर शोधावं लागत नाही, जवळपास प्रत्येक आळीत एकदोन मुलगे आखातात नाहीतर मलेशियात आहेत. तो गेला म्हणून खोली रिकामी झाली, खोली रिकामी म्हणून शिकाऊ ठेवता आली. एक लेकरू राबायला परमुलखात गेलं आणि परमुलखातलं एक लेकरू राबायला शिकायला इथे आलं. रात्री नऊला दिवा मालवण्याआधी कान्छी वहीत दिवसाचे नवे शब्द लिही आणि त्या जॅकेटची घडी सारखी करून ठेवी. घरची आठवण आली की रडू येतं का, मी विचारलं. येतं, ती म्हणाली, पण इथे एकटीने रडता येत नाही, लगेच कोणीतरी चिया घेऊन येतं.

दशैं, म्हणजे दसरा, मी यायच्या आधीच झाला होता. घटस्थापनेला पेरलेल्या जवाचे पिवळे तुरे, जमरा, तिने कानामागे खोवून घेतले होते, हजुरआमाच्या हातचा दही-तांदळाचा लाल टीका कपाळभर लावून घेतला होता. दसऱ्याला घटातले तुरे टोपीत खोवणारे आमचे आजोबा मला आठवले. मग तिहार, म्हणजे दिवाळी, आली. पहिल्या दिवशी कावळ्याला घास, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ. गल्लीतलं नेहमी हाकलून दिलं जाणारं कुत्रं त्या दिवशी कपाळी टीका मिरवत ऐटीत फिरत होतं. लक्ष्मीपूजनाला अंगणापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायचं काम कान्छीला मिळालं. तिची पावलं आमाच्या पावलांपेक्षा मोठी आली. आमा म्हणाली, यंदा लक्ष्मी लांबून चालत आली आहे.

आमाला मुलगी नाही. भाइटीकेला, म्हणजे भाऊबीजेला, धाकटा मुलगा दरवर्षी चुलतबहिणीकडे जाई. यंदा तो घरीच बसला. कान्छीने दूर्वा तेलात बुडवून त्याच्याभोवती रेघ ओढली, यम ती ओलांडत नाही म्हणतात. उंबऱ्यावर दगडाने ओखर, म्हणजे अक्रोड, फोडला. आपण नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली कारीट फोडतो त्याचीच मला याद आली. पहिल्या घावाला तो फुटला नाही, निसटून गोठ्यात गेला, पोरं धावली. दुसऱ्या घावाला फुटला. मग सात रंगांचा टीका, मखमलीच्या जांभळ्या फुलांची माळ, ताटात सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं. तेवढ्यात फोन वाजला. कतारहून थोरला. फोन हातोहात फिरत कान्छीकडे आला. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, मेरो भाग राख है, कान्छी, माझा वाटा ठेव. तिने एक सेलरोटी वेगळी काढली, केळीच्या पानात बांधली आणि माडीवर जाऊन त्याच्या जॅकेटच्या खुंटीला टांगून आली. चार दिवसांत ती वाळून जाणार हे तिलाही ठाऊक होतं.

तिची भाषेची अखेरची तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. कुणीतरी समोर बसून अर्धा तास बोलणार, आणि मध्यम पायरी गाठली की शपथ, मग दूरच्या कुठल्या तरी जिल्ह्यात दोन वर्षं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघणार होते. सामान घेऊन निरोप घ्यायला गेले तेव्हा आमा अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, माया नमार्नुस् है, दिदी.

माया शब्द माझाच. आईची माया, आजीची माया. पण मारणं? मी ओळखीचा शब्द धरून हसून मान डोलावली, नेहमीसारखी. कान्छी सुपाजवळ बसून खडे वेचत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलेलं नाही. इंग्रजीत सांगणं तिला सोपं होतं. तिने ते नेपाळीतच, सावकाश, लहान लहान शब्दांत सांगितलं: माया मार्नु म्हणजे विसरून जाणं, फोन न करणं, पुन्हा न येणं. तसं करू नका, असं आमा म्हणते.

बुझेँ, मी म्हणाले.

कान्छीने मान हलवली आणि पुढचा खडा उचलला.